चाक गेलं, सायकल राहिली!

मंडळी, या या, पुढे या! समोर खांब आहे. खांबाला सायकल आहे. सायकलला मनगटाएवढं जाड कुलूप आहे. कुलूप शाबूत, साखळी शाबूत, घंटीसुद्धा जागेवर. आणि पुढचं चाक? छू मंतर!

माहीत आहे का, या जादूसाठी पाना लागत नाही, हातोडी लागत नाही, किल्ली तर नाहीच नाही? गिअरच्या बऱ्याच सायकलींच्या चाकाला मधोमध एक छोटा लिव्हर असतो. तो उलटा फिरवा, पलीकडचा नट दोन-चार फेरे सैल करा, चाक हातात. याचं नाव क्विक रिलीज. मालकासाठी क्विक, चोरासाठी त्याहून क्विक!

तर आजचा आयटम आहे सायकलच्या चाकांची कुलूपकथा. पॅडल मारा, निघूया.

घाटात गारठला, जगाला लिव्हर दिला

हा लिव्हर आला कुठून? इटलीतून. त्यामागची गोष्ट एकदम फिल्मी आहे. ११ नोव्हेंबर १९२७. क्रोचे द'आउने नावाचा घाट. बर्फ पडतंय, शर्यत रंगलीय आणि तुल्लिओ कँपान्योलो हा रेसर रस्त्याच्या कडेला चाकाशी झटतोय. कान असलेले नट थंडीनं घट्ट बसलेत, बोटं बधिर झालीत. नट हलेना, शर्यत हातची गेली!

इतिहासाचे काही अभ्यासक या गोष्टीकडे भुवई उंचावून बघतात, पण कँपान्योलो कंपनीची ही लाडकी दंतकथा आहे. १९३३ साली त्यानं इटलीतच व्हिचेन्झा शहरात कंपनी काढली. लिव्हर फिरवला की चाक मोकळं, ही करामत पुढे जगभर पोहोचली. त्या घाटात आज त्याचं स्मारक आहे. चोरांच्या जमातीनं मात्र तिथं अजून हार घातल्याचं ऐकिवात नाही.

गिअर बदलायचाय? चाक काढा!

आता म्हणाल, शर्यतीत पंक्चर नसताना चाक काढायचंच कशाला? माहीत आहे का, त्या काळात गिअर बदलणं म्हणजे चाक उलटवणं होतं! मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रं. सपाटीवर एक बाजू, चढावर दुसरी. घाट आला की उतरा, चाक काढा, फिरवा, बसवा, पळा.

आज आपण बोटानं टकटक करून बदलतो ते गिअर टूर द फ्रान्समध्ये चालू झाले थेट १९३७ साली. तोवर आपले रेसरसाहेब नटांशीच रेस लावत होते.

पाच मिलिमीटरवर भरवसा

क्विक रिलीजच्या आत काय असतं? साधारण पाच मिलिमीटर जाडीची एक सळई. ती पोकळ एक्सलमधून आरपार जाते. एका टोकाला लिव्हर, दुसऱ्या टोकाला नट. लिव्हर दाबला की चाक चिमट्यात गच्च आवळलं जातं. पेन्सिलीहून बारीक सळई आणि तिच्यावर अख्ख्या चाकाची मदार!

वकील चाक पकडतात

सायकलच्या पुढच्या चिमट्याची टोकं कधी नीट बघितलीत? बऱ्याच सायकलींवर तिथं बारीकसे उंचवटे असतात. लिव्हर उघडला तरी चाक लगेच निखळत नाही, नट आणखी सैल करावा लागतो, तो यांच्यामुळे.

अमेरिकेत लोक लिव्हर अर्धवट लावून निघायचे, चाक सुटायचं, पडायचे आणि उठून कोर्टात जायचे. कंपन्यांनी मग हे उंचवटे बसवले. तिकडचे मेकॅनिक त्यांना गमतीनं 'वकिलांचे ओठ' म्हणतात. चाक बदलताना दोन सेकंद वाचावेत म्हणून काही रेसर ते चक्क कानशीनं घासून काढायचे. वकिलांचे ओठ बंद करायचा याहून सोपा उपाय कुणाला माहीत असेल तर कळवा!

गंमत बाजूला ठेवून एक गंभीर आकडा. २०१५ साली ट्रेक कंपनीनं अमेरिका आणि कॅनडात मिळून जवळपास १० लाख सायकली परत बोलावल्या. कारण? लिव्हर नीट लागलेला नसेल तर तो डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होता. इवलासा लिव्हर, केवढा ताप!

न्यूयॉर्क, न्यूयॉर्क!

आता शो जगाच्या चाकचोरीच्या राजधानीत. १९७०च्या दशकाची सुरुवात. अमेरिकेतल्या क्रिप्टोनाइट नावाच्या नव्या कंपनीनं इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराचं पोलादी कुलूप बाजारात आणलं होतं. ते किती दणकट आहे? दाखवायचं कसं? सायकलला लावून ती ग्रीनिच व्हिलेज भागात तीस दिवस रस्त्यावर सोडून दिली.

निकाल? कुलूप जिंकलं! चोरांना ते तुटलं नाही. पण सायकलचा जो जो भाग सुटण्यासारखा होता तो तो त्यांनी नेला. ऑपरेशन यशस्वी, पेशंट सांगाडा!

मंडळी, आजच्या लेखाचा सारांश त्या प्रयोगात आहे. कुलूप जे पकडतं तेवढंच वाचवतं. बाकी सगळं सेलमध्ये.

सांगाड्यांचं फोटो पुस्तक

माहीत आहे का, अशा सांगाड्यांवर एक अख्खं पुस्तक आहे? जॉन ग्लासी या लेखकानं न्यूयॉर्कच्या खांबांना बांधलेल्या, चाकं गेलेल्या, वाकलेल्या, बिचाऱ्या सायकलींचे फोटो काढले. २००५ साली 'बायसिकल्स लॉक्ड टू पोल्स' या नावानं ते छापूनही आले. चोरांनी चाकं नेली, याने फोटो नेले!

स्वतःचीच सायकल चोरणारा

केसी नाइस्टॅट हा व्हिडिओवाला कलाकार याच शहरातला. २०१२ साली त्यानं दिवसाढवळ्या आपलीच सायकल चोरायचा धडाका लावला. कधी कटर, कधी पहार, कधी ठिणग्या उडवणारा ग्राइंडर. लोक बघत होते आणि पुढे जात होते. पोलीस ठाण्याच्या दारातही कुणी हटकलं नाही! शेवटी युनियन स्क्वेअरच्या गर्दीत पोलीस धावून आले. म्हणजे 'रस्त्यावर माणसं आहेत, कोण चोरणार?' हा भरवसा आजपासून बाद.

प्रगतिपुस्तक घ्या, सायकलस्वार!

न्यूयॉर्कचाच हॅल रूझल नावाचा मेकॅनिक रस्त्यानं फिरत सायकली बघायचा आणि कुलूप कसं लावलंय त्यावर शाळेतल्यासारखे ग्रेड द्यायचा. फ्रेम बांधली, चाकं मोकळी? नापास! दोन्ही चाकं आणि सीटही बांधलेली? शाब्बास, पहिला नंबर! त्याचे व्हिडिओ तुफान गाजले. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हा गृहस्थ आला तर किती जण पुढच्या वर्गात जातील?

पाच किलोचं कुलूप, सात किलोची सायकल

क्रिप्टोनाइटच्या एका मीटरभर लांबीच्या साखळीचं वजन आहे जवळपास पाच किलो. आणि आंतरराष्ट्रीय शर्यतींच्या नियमानुसार रेसिंग सायकलचं किमान वजन किती? ६.८ किलो! लाखभर रुपये मोजून सायकल हलकी करायची आणि मग खांद्यावर पाच किलोची साखळी टाकून घाम गाळायचा. व्यायाम मात्र मस्त होतो.

पेन ही तलवारीपेक्षा... आणि किल्लीपेक्षा!

सप्टेंबर २००४. इंटरनेटवर एक व्हिडिओ झळकला आणि सायकलवाल्यांची झोप उडाली. महागडं 'यू' लॉक उघडलं कशानं? साध्या बॉलपेनच्या पोकळ नळीनं! गोल किल्लीच्या छिद्रात पेनाचं प्लॅस्टिक दाबून पिळलं की कुलूप खटकन उघडं. क्रिप्टोनाइटनं मग साडेतीन लाखांहून जास्त कुलपं फुकट बदलून दिली. आज चांगल्या कुलपांना चपटी किल्ली असते, ती यामुळे. गोल किल्लीचं जुनं कुलूप घरात असेल तर ते पेटीला लावा आणि पेन कुणाला उसनं देऊ नका.

आणि आता, नटसम्राट!

टाळ्या! मुख्य पाहुणे आलेत. चाकाचं कुलूप म्हणजे साखळी नाही, बेडी नाही. बहुतेक वेळा ते असतं चाकाच्या मधोमध बसलेलं एक छोटंसं बिलंदर नट किंवा बोल्ट. लिव्हर काढून टाकायचा, त्या जागी हे बसवायचं. वजन फारसं वाढत नाही, खिशात फक्त एक चिमुकली किल्ली. याचे अवतार मात्र एकाहून एक!

अवतार पहिला, गुळगुळीत. कॅनडाचं पिनहेड आणि जर्मनीचं पिटलॉक हे यातले दिग्गज. नटाचं डोकं असं बनवलेलं की नेहमीचा पाना बसतच नाही, पक्कड लावली की घसरते. उघडायला खास आकाराची किल्ली हवी आणि तुमची किल्ली दुसऱ्याच्या सायकलला सहसा लागत नाही. किल्लीसोबत एक कोड मिळतो. किल्ली हरवली तर तोच तुमचा तारणहार, त्यामुळे मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

अवतार दुसरा, न्यूटनचा चेला. माहीत आहे का, काही नट सायकल उभी असताना उघडतच नाहीत? जर्मनीची आबुस कंपनी १९२४ पासून कुलपं बनवते. तिचं एक मॉडेल असं आहे की सायकल आडवी पाडल्याशिवाय ते दाद देत नाही. क्रिप्टोनाइटचंही तसंच एक आहे. आता फ्रेम खांबाला बांधलेली असली की चोर सायकल आडवी पाडणार कशी? फ्रेमचं कुलूप चाकाला वाचवतं आणि गुरुत्वाकर्षण फुकटात पहारा देतं!

अवतार तिसरा, चुंबकछाप. बर्लिनच्या हेक्सलॉक्सनं वेगळीच शक्कल लढवली. बोल्टच्या ज्या सहाकोनी खड्ड्यात ॲलन की जाते तो खड्डाच बुजवून टाकायचा. बारीकशी गुटी आत सोडली की ती चुंबकानं चिकटून बसते आणि फक्त तुमच्या किल्लीनं निघते. सीटचा बोल्ट, हँडलचा बोल्ट, चाकाचा बोल्ट, सगळ्यांना एकच औषध. फक्त बोल्ट लोखंडाच्या जातीचा हवा. टायटॅनियमचे नखरे केलेत तर चुंबक पाठ फिरवतो आणि जोडीला वेगळा तुकडा घ्यावा लागतो.

डोक्यावर गरुड, डोक्यात युक्ती

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा शेल्डन ब्राउन हा सायकल मेकॅनिकांचा गुरू. २००८ साली तो गेला. हेल्मेटवर खोटा गरुड बसवून सायकल चालवायचा हा अवलिया! त्यानं सांगितलेली युक्ती आजही लोक घोकतात. छोटं 'यू' लॉक घ्या. ते मागच्या चाकाच्या रिमभोवती घाला, पण फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत, आणि मग खांबाला अडकवा. कुलूप फ्रेमला शिवतही नाही, तरी रिम त्या त्रिकोणातून बाहेर येऊ शकत नाही. म्हणजे चाकही बांधलं, फ्रेमही बांधली. एका किल्लीत दोन पक्षी!

चोरानं रिमच कापली तर? आऱ्यांच्या ताणामुळे रिम करवतीचं पातं आवळून धरते. आणि समजा कापलीच, तर चोराच्या हाती काय लागलं? मागचं चाक भंगारात गेलेली सायकल.

डच भाऊ लिव्हर लावतच नाहीत

नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त. उट्रेख्ट स्टेशनाच्या पार्किंगमध्ये एका वेळी १२,५०० सायकली मावतात. मग चाकं कशी टिकतात? सोप्पंय! रोजच्या डच सायकलला चाकावर सहसा लिव्हर नसतोच, साधे घट्ट नट असतात. मागच्या चाकाला फ्रेमवरच बसवलेलं गोल कुलूप आणि त्याच कुलपात टोक खुपसायची साखळी. एक किल्ली फिरवली की मागचं चाक जाम आणि साखळी खांबाला किंवा पुढच्या चाकाला पक्की.

आणि माहीत आहे का, तिथं चोरीचा विमा मागायला गेलात की कंपनी विचारते, "दोन्ही किल्ल्या दाखवा!" एकच असेल तर दुसरी कुलपातच राहिली होती असा संशय. आपल्याकडच्या सासूबाईसुद्धा इतक्या बारकाईनं किल्ल्या मोजत नाहीत.

कालव्यात डुबकी

ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांतून दरवर्षी १२,००० ते १५,००० सायकली बाहेर काढल्या जातात. बोटीवरचा लोखंडी पंजा पाण्यात जातो आणि गाळातून हँडल, चाकं, फ्रेम घेऊन वर येतो. तिथं मासेमारीपेक्षा चाकमारी जोरात!

आपलं देशी रत्न

हसू नका, त्या डच गोल कुलपाचा भाऊ आपल्या दारात उभा आहे! पुणं एके काळी सायकलींचं शहर होतं तेव्हापासून मागच्या चाकाला घोड्याच्या नालेसारखं कुलूप आपण बघत आलोय. आऱ्यांमधून दांडा सरकवला, खटक, किल्ली खिशात. मध्येच आरा आडवा आला की चाक बोटभर पुढे सरकवायचं, हेही सगळ्यांना पाठ. कुलूप उघडं असताना किल्ली निघत नाही, त्यामुळे ती हरवायची भीती फक्त उतरल्यावर.

एकच गोची. हे कुलूप चाक फिरू देत नाही, पण उचलून न्यायला बंदी कुठे आहे? सायकल खांद्यावर घेऊन चालणारा माणूस दिसला तर तो मालक असेलच असं नाही!

आणखी एक मस्त बात. आपला पंक्चरवाला चाक न काढताच पंक्चर काढतो. टायर एका बाजूनं उचकटायचा, ट्यूब ओढायची, पाण्यात बुडवायची, ठिगळ लावायचं, परत आत. म्हणजे तुमच्या चाकाला खास किल्लीचा नट असला तरी पंक्चर बिनधास्त निघतं. ट्यूबच बदलायची वेळ आली तर मात्र किल्ली हवी. म्हणून ती घरच्या खिळ्याला टांगू नका, सायकलच्या किल्लीच्या जुडग्यातच ठेवा.

पडद्यावर चाक शोधताना

१९४८चा 'बायसिकल थीव्ज' आठवतोय? व्हित्तोरिओ दे सिकाचा इटालियन सिनेमा. पोस्टर चिकटवताना नायकाची सायकल चोरीला जाते. मग रोमच्या बाजारात शोधमोहीम. आणि तिथं मित्र काय करतात? एकाने चाकं बघायची, एकाने फ्रेम, पोरानं घंटी आणि पंप! कारण चोरीची सायकल अख्खी विकली जात नाही, सुटी होऊन विकली जाते, हे त्यांना पक्कं ठाऊक.

गंमत म्हणजे या सिनेमाचा हीरो लाम्बेर्तो माज्जोरानी मुळात नट नव्हताच, कारखान्यातला कामगार होता. नट नसलेला नट! १९५० साली सत्यजित राय यांनी हा सिनेमा लंडनमध्ये बघितला आणि 'पथेर पांचाली' काढायचा निश्चय पक्का झाला. सायकल चोरीला गेली आणि भारतीय सिनेमाला चाकं लागली.

माजी पोलीस, आजी चोर

२००८, टोरांटो. इगोर केंक या सायकल दुकानदाराला पोलिसांनी सापळा लावून पकडलं. त्याच्याकडे सापडलेल्या सायकली किती? जवळपास ३,०००! भाड्याच्या गॅरेजांतून त्या ठासून भरलेल्या. आणि हा बाबा आधी स्लोव्हेनियात काय करत होता? पोलिसाची नोकरी!

नेत्यांनाही सूट नाही

त्याच वर्षी लंडनमध्ये डेव्हिड कॅमेरून यांची सायकल गेली. तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते, पुढे पंतप्रधान झाले. दुकानात जाताना त्यांनी चाकातून साखळी घालून सायकल एका बुटक्या खांबाला बांधली होती. चोरानं कुलपाला हातही लावला नाही. साखळीसकट सायकल खांबावरून उचलली आणि चालता झाला! सायकल सापडली, पण २००९ साली पुन्हा चोरीला गेली. धडा? कुलूप बघण्याआधी खांबाची उंची बघा.

वास येतोय का?

२०१६ साली अमेरिकेत स्कंकलॉक नावाचं कुलूप जाहीर झालं. कुणी कापायला गेलं की त्यातून असा घाण वायू सुटणार की चोर तिथंच ओकारी काढेल, हा बनवणाऱ्यांचा दावा. चोरी सोडा, नाक धरा!

ब्रिटनच्या हिपलॉकनं दुसरा रस्ता धरला. कुलपावर ग्राफिन मिसळलेल्या पदार्थाचं कवच चढवलं, ग्राइंडरची चकतीच झिजून जाते. चोर कापायला बसतो आणि त्याचंच सामान संपतं.

जुगाड एक्स्प्रेस

महागडे नट परवडत नाहीत? घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे उपाय!

जुगाड एक. पाण्याच्या किंवा गॅसच्या पाइपावर आवळायची लोखंडी क्लिप घ्या. क्विक रिलीजचा लिव्हर बंद करून ती चिमट्यासकट त्याच्याभोवती स्क्रूड्रायव्हरनं आवळा. आता लिव्हर उघडायला आधी क्लिप सोडवावी लागेल. 'क्विक' गेलं, नुसतं 'रिलीज' उरलं.

जुगाड दोन. ॲलन कीच्या खड्ड्यात मापाचा छर्रा बसवा आणि वरून मेणबत्तीचं मेण ओता. चोराची ॲलन की आत जाणार नाही. तुम्हाला काढायचं असेल तेव्हा मेण टोकरून छर्रा बाहेर.

जुगाड तीन. सायकलची जुनी चेन जुन्या ट्यूबमध्ये घाला आणि सीटखालचा दांडा फ्रेमला बांधून टाका. रंग खरवडत नाही, सीट हलत नाही, भंगारही कामी येतं.

जुगाड चार, सगळ्यात स्वस्त. लिव्हर काढा आणि ॲलन कीनं आवळायची साधी सळई बसवा. पट्टीच्या चोराला ती थांबवणार नाही. पण जाता जाता हात मारणारा भुरटा खिशात ॲलन कीचा सेट घेऊन थोडाच फिरतो?

रॅपिड फायर!

लिव्हर असेल तर पुढचं चाक सगळ्यात आधी धोक्यात. मागच्याला चेन आणि गिअरचं लटांबर असतं, हात काळे होतात. चोरालाही हात काळे करायला कंटाळा येतो!

एकच 'यू' लॉक असेल तर ते मागचं चाक आणि फ्रेम यांना. मागचं चाक महाग असतं. पुढच्याला कुलूपबंद नट.

चाकाचं कुलूप लावलं आणि फ्रेम मोकळी ठेवली, तर चोर अख्खी सायकल उचलून घरी नेईल आणि नट सावकाश काढेल. दोन्ही हवं.

नवा नट बसवल्यावर चाक हलवून बघा. सैल चाक चोरापेक्षा वाईट, कारण ते तुम्ही वर बसलेले असताना जातं.

फ्रेमखालचा नंबर टिपून ठेवा, सायकलचा फोटो काढा. जपानमध्ये १९९४ पासून प्रत्येक सायकलची नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे सक्ती नाही, म्हणून ही वही आपणच ठेवायची.

शेवटची घंटी

न फुटणारं कुलूप जगात नाही. चोराला फक्त शेजारची सायकल सोपी वाटली पाहिजे. दहा सेकंदांचं काम दहा मिनिटांवर गेलं की तो पुढच्या खांबाकडे वळतो.

तेव्हा मंडळी, हा अंक खाली ठेवा आणि थेट पार्किंगमध्ये जा. चाकाच्या मधोमध बघा. तिथं लिव्हर आहे? मग आजच्या आज बाजार गाठा, एक बिलंदर नट आणा आणि चाकाला चाकरीला ठेवा!